लहान घर स्वतः बांधून घेताना पैसा नेमका कुठे वाचतो

गावाकडच्या वडिलोपार्जित जागेवर दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास एवढेच पक्के घर बांधायचे ठरले, की घरातल्या चर्चेची सुरुवात चौरस फुटाच्या दराने होते. कोणीतरी चालू दर सांगतो, आपण त्याला क्षेत्रफळाने गुणतो, आकडा पाहून हबकतो आणि तिथूनच बचतीचे मार्ग शोधायला लागतो. पाया अर्धा फूट कमी खणावा, स्लॅबला दोन पोती सिमेंट कमी घालावे, लोखंडी कांब एका नंबराने बारीक वापरावी, असे सल्लेही लगेच मिळू लागतात. कराडजवळच्या आमच्या गावी ४८० चौरस फुटांचे घर बांधून घेताना मी हे सगळे ऐकले आहे. त्या काळात रोज साइटवर उभे राहून आणि रात्री वहीत हिशेब मांडून माझे जे मत बनले ते असे, की मालाच्या कसात काटछाट करून मिळणारी बचत फार थोडी असते आणि ती उसनी असते. खरी बचत तीन जागी होते: कागदावर आखणी करताना, माल मोजून घेताना आणि ज्या कामाला कौशल्यापेक्षा लक्ष जास्त लागते ते काम घरच्यांनी अंगावर घेताना.

पहिल्यांदा सिमेंटचेच गणित पाहू, कारण सगळ्यात जास्त मोह तिथेच होतो. ४८० चौरस फुटांचा पाच इंच जाडीचा स्लॅब म्हणजे २०० घनफूट, अर्थात सुमारे ५.६६ घनमीटर काँक्रीट. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला (एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी) एका घनमीटरमागे साधारण आठ पोती सिमेंट लागते, म्हणजे पूर्ण स्लॅबला ४५ पोती. यातली पाच पोती कोणी वाचवली आणि पोत्याला ४०० रुपये धरले, तर वाचले दोन हजार रुपये. ज्या छताखाली आईवडील आणि मुले झोपणार आहेत, त्याच्या ताकदीचा सौदा दोन हजारांत झाला, एवढाच याचा अर्थ. लहान घरात सिमेंटचे प्रमाण ठरलेले असते आणि ते हलवून हाती काही लागत नाही, हे एकदा मनाशी पक्के केले की लक्ष योग्य ठिकाणी जाते.

कागदावरची बचत

घराचा आकार ठरवताना बहुतेक जण आतल्या खोल्यांचा विचार करतात. भिंतींचा विचार फारसा कोणी करत नाही. खर्च मात्र भिंतींचा होतो. ४८० चौरस फूट हे क्षेत्रफळ २० बाय २४ फुटांत बसते आणि १२ बाय ४० फुटांतही बसते. पहिल्या घराच्या बाहेरच्या भिंतींची एकूण लांबी ८८ फूट भरते, तर दुसऱ्याची १०४ फूट. क्षेत्रफळ तेच, पण १६ फूट भिंत जास्त. दहा फूट उंची धरली तर ती १६० चौरस फूट भिंत होते. नऊ इंची बांधकामात तिला तेराशे-चौदाशे विटा जातात, शिवाय तिच्याखाली पाया येतो, वर बीम येतो, आतून-बाहेरून ३२० चौरस फूट गिलावा आणि रंग येतो. लांबट घराला आतल्या भिंती कमी लागतात, त्यामुळे यातला थोडा फरक भरून निघतो हे खरे. पण आतली भिंत साडेचार इंची चालते आणि बाहेरची जाड लागते, म्हणून चौरसाच्या जवळ जाणारा साधा आकार बहुतेक वेळा स्वस्त पडतो. दर्शनी भागाला शोभा यावी म्हणून काढलेला प्रत्येक खाचा दोन कोपरे वाढवतो, आणि कोपरा म्हणजे जादा वीट, जादा सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा तात्पुरता साचा आणि टेकू), मिस्त्रीचा जादा वेळ. भूकंपातही साधा चौकोनी आकार जास्त चांगला टिकतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

जागेला जमत असेल तर न्हाणीघर, संडास आणि स्वयंपाकघराचा ओटा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना घ्यावा. नळ आणि सांडपाण्याचे पाइप एका रेषेत राहतात, भिंती फोडाव्या लागत नाहीत आणि पुढे कुठे गळती झाली तर शोधायची जागा एकच उरते.

खोलीच्या मापांचा संबंध लोखंडाशीही असतो, आणि ही गोष्ट मला घर बांधेपर्यंत ठाऊक नव्हती. बाजारात कांब सहसा १२ मीटर लांबीची मिळते. स्लॅबमध्ये एका दिशेने ३.९ मीटरचे तुकडे लागणार असतील, तर एका कांबीत तीन तुकडे निघतात आणि फूटभर तुकडा वाया जातो. तोच तुकडा ४.१ मीटरचा लागला तर कांबीत दोनच निघतात आणि ३.८ मीटरचा तुकडा हाती राहतो, ज्याचे पुढे काय करायचे हा प्रश्न पडतो. आठ इंचांच्या फरकाने एवढे होते. म्हणून कांबी विकत घेण्याआधी इंजिनीअरकडून प्रत्येक तुकड्याची लांबी आणि संख्या असलेली यादी करून घ्यावी आणि जिथे जमेल तिथे खोलीचे माप चार-सहा इंच मागे-पुढे करावे. नकाशावर हा बदल पेन्सिलीने होतो.

इंजिनीअरची फी वाचवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. लहान घराचा नकाशा, पायाची खोली, कॉलम-बीमची मापे आणि कांबींचा तपशील यासाठी तो जे घेतो, त्याहून जास्त रक्कम अंदाजाने टाकलेल्या जादा लोखंडात जाते. आमच्या भागात अनेक मिस्त्री सवयीने प्रत्येक घराला तेच कॉलम आणि त्याच कांबी सांगतात. काही ठिकाणी ते गरजेपेक्षा जास्त असते, तर काही ठिकाणी धोकादायक रीतीने कमी.

पुढे वरचा मजला चढवू, या विचाराने केलेला खर्चही आधीच तपासून पाहावा. वरचा मजला दहा वर्षांत नक्की होणार असेल तर पाया आणि कॉलम तसे घेणे रास्त आहे. पण तो विचार केवळ एक इच्छा असेल, तर आज जादा पैसे पुरले जातात, गच्चीवर उघड्या राहिलेल्या कांबी पावसात गंजत राहतात आणि मजला चढवायची वेळ येते तेव्हा त्या बिनकामाच्या झालेल्या असतात. घर कायम तळमजल्याचेच राहणार असेल, तर कॉलमचा सांगाडा उभा करण्याऐवजी भिंतींवर भार घेणारे घर स्वस्त पडते की नाही, हे इंजिनीअरला जरूर विचारावे. मात्र अशा घरात जोत्याला आणि लिंटेलच्या, म्हणजे दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या, पातळीला घराभोवती सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा आणि कोपऱ्यांत उभ्या कांबी असल्याच पाहिजेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक स्वतःच्या घरात झोपलेली होती. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. भिंतींना एकत्र बांधून ठेवणारे काही नसल्यामुळे त्या फुटून कोसळल्या. लिंटेलच्या पट्ट्याचा खर्च हा चार भिंती एकमेकींना धरून राहाव्यात यासाठीचा खर्च आहे आणि त्याला पर्याय नाही.

तीच गोष्ट काळ्या मातीची. विदर्भ-मराठवाड्यात आणि नद्यांच्या खोऱ्यांत जी भारी काळी जमीन आहे, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. अशा जमिनीत दोन-तीन फुटांवर पाया थांबवला तर घर दरवर्षी वर-खाली होते आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा निघतात. मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत खाली जावे लागते. तो फार खोल असेल तर खाली फुगीर टोक असलेले छोटे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घेता येतात. काळ्या मातीसाठी ही पद्धत आपल्याकडे रूढ आहे. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवरच्या चिरा एकदा नीट पाहिल्या तरी आपल्या जागेबद्दल बरेच काही कळते.

मोजून घेतलेला माल

आमच्या घराला पहिली वाळू आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने. सांगितले होते एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली रिकामी करायच्या आधी मी टेप घेऊन आत चढलो. आतली लांबी ९ फूट, रुंदी साडेपाच फूट आणि वाळूची सपाट केलेली उंची पावणेदोन फूट भरली. गुणाकार ८६.६ घनफूट आला. पुरवठादाराशी भांडण झाले नाही, त्याने हिशेब मान्य केला आणि पुढच्या खेपेपासून आम्ही ट्रॉलीमागे पैसे न देता मोजलेल्या घनफुटाला पैसे दिले. एका खेपेत साडेतेरा घनफूट, आणि लहान घरालाही वाळू, खडी, डबर, मुरूम मिळून पंधरा-वीस खेपा सहज होतात. संपूर्ण बांधकामात एवढ्या कमी श्रमात एवढी बचत दुसऱ्या कोणत्याही गोष्टीने झाली नाही.

वाळूची आणखी एक खोच आहे. ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात, त्यामुळे तीच वाळू पाव भाग जास्त जागा व्यापू शकते. हे घरी पाहता येते. एका सरळ काचेच्या बरणीत ओलसर वाळू न दाबता वीस सेंटिमीटर भरावी. मग ती काढून बरणी अर्धी पाण्याने भरावी आणि वाळू परत हळूहळू टाकून काडीने ढवळावी. पाण्याखाली बसलेल्या वाळूची उंची सोळा सेंटिमीटरच भरली, तर ती वाळू २५ टक्के फुगलेली होती. म्हणजे ओली वाळू मापाने विकत घेताना आपण हवेचे पैसे देतो. शिवाय मिश्रण करताना तेच माप वापरले तर वाळू कमी पडते आणि पाणी आधीच जास्त झालेले असते.

लोखंड वजनावर मिळते, म्हणून तिथे काट्याची पावती आणि कांबींची संख्या दोन्ही पाहावी. हिशेब सोपा आहे: कांबीच्या मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करावा आणि त्याला १६२ ने भागावे, म्हणजे एका मीटरचे वजन किलोत मिळते. त्या हिशेबाने १२ मीटर लांबीची ८ मिलिमीटरची कांब सुमारे ४.७ किलोची, १० मिलिमीटरची ७.४ किलोची आणि १२ मिलिमीटरची १०.७ किलोची भरते. थोडी तफावत मान्य असते. पण कांबी मोजून काढलेले वजन आणि पावतीवरचे वजन यांत मोठा फरक दिसला, तर माल उतरवून घेण्याआधीच विचारावे.

सिमेंटच्या पोत्यावर ते कोणत्या आठवड्यात तयार झाले हे छापलेले असते. तीन महिने पडून राहिलेले सिमेंट साधारण पाचवा भाग ताकद गमावते, त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून एकदम शंभर पोती आणून ठेवण्यात फायदा नाही. जेवढे पंधरा दिवसांत लागेल तेवढेच आणावे, फळ्यांवर ठेवावे आणि भिंतीला टेकवू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या घराच्या बिलांवरून अंदाज बांधत असाल तर एवढा बदल धरावा.

मिश्रण मात्र घमेल्याने मोजू देऊ नये. एक घमेले शिगोशीग भरले जाते, दुसरे अर्धे, आणि दुपारनंतर ते आणखी बदलत जाते. आम्ही सुताराकडून ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरचा लाकडी फरमा करून घेतला. त्यात ३५ लिटर माल बसतो, म्हणजे बरोबर एका पोत्याएवढा. एम-२० साठी एका पोत्याला दीड फरमा वाळू आणि तीन फरमे खडी. पाणी पोत्यामागे २५ ते २७ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. या शेवटच्या वाक्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. काँक्रीट सहज पसरावे म्हणून कामगार पाणी वाढवतात. जादा पाणी नंतर उडून जाते आणि जागोजागी बारीक पोकळ्या ठेवून जाते. पूर्ण पैसे मोजून आणलेल्या सिमेंटची ताकद अशा रीतीने फुकटच्या पाण्याने कमी होते. स्लॅबच्या दिवशी घरातल्या एका माणसाने मिक्सरपाशी उभे राहून फक्त पाण्याची बादली मोजावी. त्या दिवशी त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये.

काम कसे द्यावे

आपल्याकडे काम देण्याच्या तीन रीती आहेत आणि प्रत्येकीत ठेकेदाराचा फायदा वेगळ्या जागी असतो. मालासकट ठेका दिला तर त्याचा फायदा मालात असतो, म्हणून मालावर नजर ठेवावी लागते. माल आपला आणि मजुरी चौरस फुटाने ठरली तर त्याचा फायदा वेगात असतो. अशा वेळी सेंट्रिंग लवकर काढणे आणि भिंत एका दिवसात फार उंच नेणे अशा गोष्टींवर लक्ष लागते. रोजंदारीवर दिले तर घाई नसते, पण काम लांबते. ज्याच्या घरात रोज साइटवर थांबू शकणारा एक माणूस आहे, त्याच्यासाठी माल स्वतः आणून मजुरीचा ठेका देणे सगळ्यात फायद्याचे, असे मला वाटते. ज्याला आठवड्यातून एकदाच पुण्या-मुंबईहून गावी येता येते, त्याने या बचतीच्या मागे लागू नये. देखरेखीविना आणलेला माल वाया जातो आणि मजुरीच्या ठेक्यातली बचत त्यातच संपते.

ठेका ठरवताना चौरस फूट कशाचा धरायचा, हे लेखी हवे. स्लॅबचे क्षेत्रफळ, छज्जे, जिना, ओटा, पाण्याची टाकी यांची मोजणी कशी होणार, सेंट्रिंगचे सामान कोणाचे, गिलाव्याच्या परांचीचे लाकूड कोण आणणार, या प्रश्नांवरून शेवटी वाद होतात आणि तेव्हा बोलण्याला काही आधार नसतो. पैसे टप्प्याने द्यावेत: पाया, जोते, लिंटेल, स्लॅब, गिलावा. उचल देणे टाळता येत नाही, कारण मिस्त्रीलाही माणसांना आठवड्याच्या बाजारासाठी पैसे द्यावे लागतात. पण दिलेली उचल झालेल्या कामाच्या पुढे जाऊ देऊ नये.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात हे सगळे आणखी लागू पडते. तिथे किमान २५ चौरस मीटरचे घर अपेक्षित असते, सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये टप्प्याटप्प्याने खात्यावर येतात, आणि शासनाने ठेकेदार नेमायचा नसतो. बांधकाम लाभार्थ्यानेच करवून घ्यायचे असते. रोजगार हमीतून घरच्यांच्या मजुरीचे ९० ते ९५ दिवस आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये अशी जोड देण्याची तरतूद योजनेत होती. एवढ्या पैशांत घर पुरे होत नाही हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणूनच या घरांना नकाशाचा साधेपणा आणि मोजून घेतलेला माल यांची सर्वाधिक गरज आहे. हप्ता काम पुढे गेल्याचा फोटो चढल्यावर येतो, तेव्हा एका टप्प्याचा माल हाताशी ठेवूनच काम सुरू करावे.

घरच्यांचे हात

अंगमेहनतीने पैसे वाचतात, पण सगळ्याच कामांत नाही. सेंट्रिंग, कांबी बांधणे आणि वायरिंग ही कामे ज्याची त्याने करावीत. वायरिंगला परवानाधारक वायरमनच हवा. आपण करण्यासारखे सगळ्यात मोलाचे काम म्हणजे पाणी मारणे. ठेकेदाराच्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जायचे असते, आपल्याला मात्र त्याच घरात राहायचे असते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला किमान दहा दिवस सतत ओले ठेवावे लागते. कडक उन्हात चौदा दिवस ठेवणे चांगले. स्लॅबवर सिमेंट-वाळूचे बोटभर उंचीचे बांध घालून शेतातल्यासारखे वाफे करायचे आणि त्यांत पाणी साठवून ठेवायचे. पाणी कुठे पाझरते हेही त्यातच कळते. कॉलमला ओली पोती गुंडाळायची. आमच्याकडे हे काम वडिलांनी केले. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला ते नळी घेऊन फिरायचे. गिलाव्याच्या वेळीसुद्धा त्यांनी एकही दिवस चुकवला नाही, आणि आज त्या भिंतींना केसासारख्या चिराही नाहीत.

टेकू काढण्याची घाईही घरच्यांनीच रोखावी. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस, त्याहून लांब असेल तर चौदा दिवस, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा दिवस ठेवायचे असतात. पीपीसी सिमेंट असेल तर आणखी थांबावे. सेंट्रिंगचे सामान पुढच्या साइटवर न्यायचे असते म्हणून चौथ्या दिवशी विचारणा सुरू होते. तेव्हा ठाम राहावे.

याशिवाय विटा भिजवणे, वाळू चाळणे, जोत्यात मुरूम भरून चोपणे, आतला रंग, ही कामे घरच्यांना जमतात. रेखांकनाच्या दिवशी एक तपासणी तर कोणालाही करता येते. कोपऱ्यापासून एका सुतावर ३ मीटर, दुसऱ्यावर ४ मीटर खूण करावी. त्या दोन खुणांमधले अंतर ५ मीटर भरले तर कोपरा काटकोनात आहे. नाही भरले तर मिस्त्रीला तिथेच थांबवावे, कारण वाकडा कोपरा पुढे प्रत्येक फरशीच्या कापलेल्या तुकड्यात पैसे मागतो.

बांधकामाच्या काही पद्धतीही खर्च कमी करतात. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि आयुष्याचा मोठा काळ केरळमध्ये घालवलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी अशा पद्धती हजारो घरांत पोहोचवल्या. त्यांना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या आवडत्या रचनेत वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावतात आणि दोन विटांच्या ओळींमध्ये पोकळी सोडतात. भिंत नऊ इंचीच राहते, पण विटा साधारण पाव भाग कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत कमी पोहोचते. दुसऱ्या पद्धतीत स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट ताण घेत नाही आणि फक्त वजन वाढवते, तिथे कांबींच्या चौकटींत मंगलोरी कौले ठेवतात. त्यामुळे काँक्रीट आणि स्लॅबचे वजन दोन्ही कमी होते. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या शंकूसारख्या कौलांचे कमानदार छत गावोगावी दाखवले, ज्यात लोखंड जवळजवळ लागतच नाही. या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, तरीही एक सावधगिरी सांगतो: ज्या मिस्त्रीने हे काम कधी केलेले नाही, त्याने आपल्या घरावर शिकायला सुरुवात केली तर वाचलेल्या विटांचे पैसे वेळात आणि तोडफोडीत जातात. केलेल्या माणसाचे काम प्रत्यक्ष पाहून मगच ठरवावे.

जवळचा माल वापरण्यात मात्र अशी काही अडचण नाही. कोकणात जांभ्याचा चिरा, चंद्रपूर, परळी, भुसावळ किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्रांच्या आसपास राखेच्या विटा, आमच्याकडे भट्टीची वीट. लांबून आणलेल्या स्वस्त विटेवर वाहतूक चढली की ती स्वस्त राहत नाही. चिरा किंवा चांगली भाजलेली वीट असेल तर आतल्या एखाद्या भिंतीला गिलावा न देता नुसते सांधे भरून सोडता येतात. आम्ही मधल्या खोलीची एक भिंत तशी ठेवली.

पैसे कमी पडले तर मागे काय ठेवायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे. कुंपणाची भिंत, बाहेरचा रंग, कपाटे, ओट्याखालच्या कप्प्यांची दारे, आतल्या फरशीचा भारी प्रकार, हे सगळे पुढच्या वर्षी होते आणि त्यासाठी काही फोडावे लागत नाही. वायरचे पाइप, बीममधून जाणारी पाण्याच्या नळीची जागा, पंख्याचे हूक, गच्चीचा उतार आणि पावसाच्या पाण्याचे नळ मात्र काँक्रीट ओतण्याआधीच व्हावे लागतात. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी नकाशा हातात घेऊन या गोष्टी एकेक करून मोजाव्यात. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून पाइपांचे फोटो काढावेत आणि ते बिलांच्या फाइलमध्ये ठेवावेत. पुढे कधी भिंतीत खिळा ठोकायचा असेल तेव्हा पाइप जमिनीपासून किती इंचांवर आहे, ते त्या फोटोत दिसते.